पगारी उमेदवारीतून शिक्षक होण्याविषयी : इंग्लंडमधील एका भगिनीच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या भगिनी सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतात आणि त्यांना कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला आहे. भौतिकशास्त्रातील पदवी त्यांनी भारतात घेतली, बी.एड. केलेले नाही, आणि गेली दोन वर्षे त्या एका माध्यमिक शाळेत टीचिंग असिस्टंट (वर्गात शिक्षकाची मदतनीस) म्हणून काम करीत आहेत. घरभाडे आणि दोन मुलांचा खर्च पाहता वर्षभर पगाराविना शिकणे त्यांना शक्य नाही. म्हणून पगार घेत घेत शिक्षक होण्याची अप्रेंटिसशिप घ्यावी का, ती आपल्याच शाळेत घ्यावी का, आणि शाळा निवडताना काय पाहावे, असे त्यांनी विचारले आहे. मी इंग्लंडमधील माध्यमिक शाळांत सोळा वर्षे विज्ञान शिकवतो आहे आणि त्यांपैकी अकरा वर्षे शिकाऊ शिक्षकांचा मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून काम केले आहे. पुढील उत्तर त्या अनुभवावर आधारलेले आहे.

आपल्या परिस्थितीत अप्रेंटिसशिप हा योग्य मार्ग ठरू शकतो. मात्र पगार मिळतो एवढ्याच कारणासाठी तो निवडू नये. या मार्गावर आपण एकाच वेळी शाळेच्या नोकर आणि विद्यार्थिनी अशा दोन्ही असता. शाळेला माणसांची चणचण भासली की तिला आपल्यातील नोकर आधी आठवते आणि विद्यार्थिनी मागे पडते. शिकण्यासाठी ठेवलेला वेळ जी शाळा अडचणीच्या आठवड्यातही जपते, तिथे हा मार्ग उत्तम आहे. जी शाळा तो जपत नाही, तिथे हे वर्ष आपल्याला थकवून जाईल आणि शिकवणे मात्र अर्धेच येईल. शाळा निवडण्याचा सगळा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो, म्हणून मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी व्यवस्थेची माहिती घेऊ. पदवीधरांसाठीची ही अप्रेंटिसशिप इंग्लंडमध्ये २०१८पासून चालू आहे. तिच्या शेवटी क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा, मिळतो. आरंभी तिचा आराखडा चार सत्रांचा होता: तीन सत्रांनंतर क्यूटीएस आणि चौथ्या सत्रात अंतिम मूल्यमापन, ज्यात पाठाचे निरीक्षण आणि एक व्यावसायिक चर्चा असे. पुढे शालेय वर्षात बसेल असा नऊ महिन्यांचा कालावधी मान्य झाला. प्रशिक्षणाचा खर्च अप्रेंटिसशिप लेव्हीतून भागवला जातो. ज्या मालकाचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक असतो, त्याला २०१७पासून त्या वरच्या रकमेवर ०.५ टक्का लेव्ही भरावी लागते, आणि शाळा किंवा शाळासमूह त्याच पैशातून प्रशिक्षण संस्थेचे शुल्क भरतात. प्रशिक्षणाचे शुल्क उमेदवाराकडून घेता येत नाही. कामाच्या वेळेपैकी सुमारे २० टक्के वेळ प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवावा लागतो, आणि उरलेल्या वेळात आपण शाळेत असता.

पगार अपात्र, म्हणजे अजून क्यूटीएस न मिळालेल्या, शिक्षकाच्या श्रेणीनुसार ठरतो. २०२५-२६मध्ये लंडनबाहेर या श्रेणीचा आरंभ वर्षाला २२,६०१ पौंडांपासून होतो. अकॅडमी शाळांना (सरकारी पैशावर पण स्वतंत्र न्यासाकडून चालणाऱ्या शाळांना) स्वतःची वेतनश्रेणी ठरवण्याची मुभा आहे, म्हणून प्रत्यक्ष आकडा लेखी विचारून घ्यावा. क्यूटीएस मिळाल्यानंतर मुख्य श्रेणीचा आरंभ त्याच वर्षी ३२,९१६ पौंड आहे, म्हणजे एका वर्षाच्या अंतराने दहा हजार पौंडांचा फरक पडतो.

आपला विषय भौतिकशास्त्र असल्यामुळे इथे एक हिशेब मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तो अनेकांच्या लक्षात येत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र या विषयांसाठी शुल्क भरून पीजीसीई (शिक्षकांसाठीचा विद्यापीठीय पदव्युत्तर अभ्यासक्रम) करणाऱ्यांना २०२५-२६मध्ये २९,००० पौंडांची बर्सरी, म्हणजे परत न करावी लागणारी शिष्यवृत्ती, आहे आणि तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. अप्रेंटिसला ही बर्सरी मिळत नाही. २२,६०१ पौंडांच्या पगारातून प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विमा वजा केल्यावर हातात सुमारे १९,८०० पौंड राहतात, आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली की त्याहून कमी. उलट बाजूला त्याच वर्षीच्या शुल्काचे ९,५३५ पौंड आहेत. आपल्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असल्यामुळे त्यासाठी शैक्षणिक कर्ज घेता येईल, आणि त्याची परतफेड पुढे पगारातून ठरावीक मर्यादेनंतर होते. म्हणजे केवळ त्या वर्षीच्या घरखर्चाचा विचार केला, तर आपल्या विषयात पगारी मार्गाहून बर्सरीचा मार्ग अधिक पैसा हातात ठेवतो. म्हणून ‘पगाराविना शिकणे शक्य नाही’ हे आपले गृहीतक पुन्हा तपासून पाहावे. इतिहास किंवा प्राथमिक शिक्षण निवडणाऱ्या व्यक्तीला मी हेच सांगितले नसते, कारण तिथे बर्सरीचा आधार नाही आणि पगारी मार्ग खरोखरच एकमेव परवडणारा मार्ग असू शकतो.

तरीही मी अप्रेंटिसशिप बाजूला सारत नाही. नोकरीत खंड पडत नाही, निवृत्तिवेतन योजनेत प्रवेश मिळतो, आजारपणाची रजा आणि कर्मचाऱ्याचे इतर हक्क लागू होतात, नवे कर्ज डोक्यावर येत नाही, आणि मुख्य म्हणजे सप्टेंबरपासून जुलैपर्यंत एका शाळेचे पूर्ण वर्ष आतून अनुभवता येते. नव्या वर्षातील पहिल्या दिवशीची घाबरलेली सातवीची मुले आणि जूनमधील आत्मविश्वासाने वावरणारी तीच मुले एकाच व्यक्तीने पाहणे, हे शिक्षकाच्या घडणीत फार मोलाचे असते.

आपल्या पात्रतेविषयी थोडक्यात लिहितो. पदवीसाठी यूके एनिककडून (परदेशी पदव्यांची ब्रिटिश पदव्यांशी तुलना करणाऱ्या संस्थेकडून) समकक्षतेचे निवेदन घ्यावे. इंग्रजी आणि गणितात जीसीएसईची (सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालेय परीक्षेची) चौथी श्रेणी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता लागते. आपली दहावीची गुणपत्रिका त्यासाठी स्वीकारायची का हे प्रशिक्षण संस्था ठरवते, आणि ती न स्वीकारल्यास समकक्षता परीक्षा देता येते. अप्रेंटिसशिपच्या निधीसाठी सलग तीन वर्षांचे वास्तव्य ही अट आपण पूर्ण करता. हेच उत्तर वाचणाऱ्या ज्या मराठी वाचकांनी भारतात बी.एड. करून गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवल्या आहेत, त्यांनी मात्र अप्रेंटिसशिपच्या मागे लागण्याआधी दुसरी वाट पाहावी. फेब्रुवारी २०२३पासून भारतातील पात्र शिक्षकांना ११ ते १६ वयोगटासाठी या विषयांत थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो. जे आधीच शिक्षक आहेत त्यांनी पुन्हा वर्षभर उमेदवारी करण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. शिकण्याचा वेळ कसा हिरावला जातो, हे मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिथे एका शिकाऊ शिक्षिकेला सप्टेंबरमध्ये आठवड्याचे आठ तास शिकवण्यासाठी दिले होते, आणि ते प्रमाण योग्य होते. ऑक्टोबरच्या अखेरीस विभागातील एक शिक्षक अचानक गेले. दहावीचा त्यांचा वर्ग ‘तात्पुरता’ तिच्याकडे आला, कारण ती पगारावर होती, वर्गाला ओळखत होती आणि बाहेरून बदली शिक्षक आणण्यापेक्षा हे सोपे होते. त्यापाठोपाठ आणखी एक वर्ग आला. गुरुवारचा तिचा अभ्यासाचा दिवस आधी अर्धा झाला, मग महिन्यातून दोनदा रद्द होऊ लागला. कोणीही तिच्याशी वाईट वागले नाही. प्रत्येक निर्णय त्या त्या दिवशी वाजवी वाटत होता, आणि मी, तिचा मेंटॉर, त्यांतील पहिल्या दोन निर्णयांच्या वेळी गप्प राहिलो. जानेवारीत मी तिचा पाठ पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आले की नोव्हेंबरपासून ती काहीही नवे शिकलेली नव्हती; तास कसेबसे निभावण्याची सवय मात्र तिला पक्की लागली होती. ती सवय मोडायला आम्हांला उन्हाळ्यापर्यंतचा काळ लागला. त्यानंतर मी एक नियम केला आणि तो आजवर पाळतो: उमेदवाराचा अभ्यासाचा दिवस शाळेच्या मुख्य वेळापत्रकात छापला गेल्याशिवाय मी मेंटॉर होण्यास होकार देत नाही. हाताने लिहिलेला वेळ पुसता येतो. छापलेल्या वेळापत्रकात बदल करायचा तर उपमुख्याध्यापकांना कारण द्यावे लागते.

हा धोका नवा नाही. इंग्लंडमध्ये १८४६ साली सरकारी शिक्षण समितीचे सचिव जेम्स के-शटलवर्थ यांच्या पुढाकाराने ‘प्युपिल-टीचर’ पद्धत सुरू झाली. त्यात किमान १३ वर्षांची मुले-मुली पाच वर्षांच्या करारावर शाळेत शिकवत, आणि त्यांना पहिल्या वर्षी १० पौंडांपासून पाचव्या वर्षी २० पौंडांपर्यंत मानधन मिळे. या मुलांना शाळेच्या वेळेच्या आधी किंवा नंतर, आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान दीड तास मुख्याध्यापकांनी स्वतः शिकवावे, असा नियम होता. दिवसभर वर्ग सांभाळून थकलेल्या मुलाला थकलेल्या मुख्याध्यापकांनी संध्याकाळी शिकवायचे, ही त्या पद्धतीची कमजोर बाजू होती. तरीही त्या नियमात एक गोष्ट ओळखलेली होती, की मानधनाइतकेच कोणाचे तरी राखून ठेवलेले लक्ष हा कराराचा भाग असला पाहिजे. सप्टेंबर २०२४पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रत्येक शिकाऊ शिक्षकाला आठवड्याला किमान दीड तास मेंटॉरचा वेळ मिळाला पाहिजे. त्या काळी रोज दीड तास होता, आज आठवड्याला दीड तास आहे. हा वेळ फार थोडा आहे, आणि म्हणून त्यातील एक मिनिटही सोडू नये.

त्या दीड तासात काय घडावे, हे सविस्तर सांगतो, कारण चांगला मेंटॉर ओळखण्याची खूण तिथेच आहे. सामान्य मेंटॉर पाठ पाहतो आणि ‘छान झाला, जरा आवाज वाढवा, मागच्या बाकांकडे लक्ष द्या’ असे आठ-दहा मुद्दे सांगतो. उमेदवार ते सगळे लिहून घेतो आणि पुढच्या आठवड्यात त्यांतील एकही बदलत नाही, कारण आठ गोष्टी एकदम बदलणे कोणालाच जमत नाही. चांगला मेंटॉर एकच गोष्ट निवडतो आणि ती तिथेच, रिकाम्या वर्गात, आपल्याकडून करून घेतो. आपल्याच विषयातील उदाहरण घेऊ. विद्युत मंडल शिकवून झाल्यावर नवी शिक्षिका बहुधा विचारते, ‘समजले ना?’ आणि तीस माना हलतात. त्यांतील निम्म्या मुलांच्या मनात अजूनही हीच समजूत असते, की दिव्यातून जाताना प्रवाह थोडा ‘वापरला जातो’ आणि पलीकडे कमी उरतो. ही समजूत मान हलवण्यातून कधीच उघडी पडत नाही. तिच्यासाठी दिव्याच्या आधी आणि नंतर अ‍ॅमीटर दाखवून, ‘दुसऱ्याचे वाचन कमी, तितकेच, की जास्त?’ असा नेमका प्रश्न विचारावा लागतो, सर्वांना आपापल्या छोट्या पांढऱ्या फलकावर उत्तर लिहायला लावावे लागते, आणि ते फलक एकाच क्षणी वर करायला सांगावे लागतात. मेंटॉरबरोबर हा प्रश्न आधी शब्दशः लिहावा, चुकीची उत्तरे आली तर पुढचे वाक्य काय असेल तेही लिहावे, आणि मोठ्याने म्हणून पाहावे. अभ्यासक्रमातील सघन सरावाच्या दिवसांचा हेतूही हाच आहे. पदव्युत्तर प्रशिक्षणात असे २० दिवस असतात आणि प्रत्येक वेळी शिकवण्याचा एखादा छोटासा भाग घेऊन तो पाहणे, तपासणे, करून पाहणे आणि पुन्हा करणे अपेक्षित असते. शाळा या दिवसांसाठी आपल्याला मोकळे करते का, हे नेमके विचारावे.

आपल्यासारख्या भारतात शिकलेल्या उमेदवारांत मला एक विशेष अडचण वारंवार दिसते. आपण ज्या वर्गांत शिकलो तिथे शिक्षक बोलत आणि साठ मुले लिहीत, आणि चांगले समजावून सांगणे म्हणजेच चांगले शिकवणे अशी आपली धारणा झालेली असते. विषयाची आपली पकड बहुधा उत्तम असते, आणि ती मोठी ताकद आहे. पण समजावणे संपले की काम संपले असे वाटते, आणि इथे तर खरे काम तिथून सुरू होते. उच्चारांची काळजी मात्र बाळगू नये. मुलांची नावे पहिल्या आठवड्यात अचूक म्हणता आली आणि वाक्ये छोटी ठेवली, तर मुले आपल्या बोलण्याच्या लकबीला दोन आठवड्यांत सरावतात.

आपल्याच शाळेत अप्रेंटिसशिप घ्यावी का, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. आपली शाळा एखाद्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेशी जोडून आपल्याला या मार्गावर घेऊ शकते, आणि मुख्याध्यापकांना तसे स्वतःहून विचारण्यात काहीच वावगे नाही. मुले ओळखीची आहेत, नियम माहीत आहेत, घरापासूनचे अंतर जमते, हे फायदे खरे आहेत. पण ज्या मुलांनी दोन वर्षे आपल्याला शेजारी बसून मदत करणारी मिस म्हणून पाहिले, ती मुले फळ्यासमोर उभ्या असलेल्या आपल्याला तोच अधिकार लगेच देत नाहीत. त्याहून मोठी अडचण सहकाऱ्यांची असते. परीक्षेवर देखरेख करायला माणूस कमी पडला, एखाद्या विद्यार्थ्याला एकट्याने सांभाळायचे असले, तर जुन्या सवयीने हाक आपल्यालाच मारली जाते, आणि आपणही जुन्या सवयीने उठून जाता. म्हणून आपल्या शाळेने होकार दिला, तर दोन गोष्टी लेखी मागाव्यात: टीचिंग असिस्टंटची जुनी कामे कोणत्या तारखेपासून बंद होतील, आणि ती पुढे कोण करील. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेकडे नसेल, तर पहिल्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. आणखी एक गोष्ट अशी की किमान दोन शाळांत अनुभव घेणे प्रशिक्षणात आवश्यक असते. ही दुसरी शाळा आपल्या शाळेहून शक्य तितकी वेगळी असावी असा आग्रह धरावा.

मुलाखतीला बोलावणे आले की आपणही शाळेची मुलाखत घेत आहात हे लक्षात ठेवून काही विचारणा नम्रपणे करावी. मेंटॉर कोण असतील आणि त्यांना या कामासाठी वेळापत्रकात किती तास मोकळे दिले आहेत? गेल्या वर्षीचे उमेदवार आता कुठे शिकवतात, आणि त्यांच्यापैकी कोणाशी दहा मिनिटे बोलता येईल का? सप्टेंबरमध्ये आठवड्याला किती तास स्वतंत्रपणे शिकवावे लागतील, आणि ख्रिसमसनंतर किती? विभागात सध्या किती जागा रिकाम्या आहेत? या शेवटच्या प्रश्नाने काही मुख्याध्यापक अस्वस्थ होतात, पण तो अवश्य विचारावा. भौतिकशास्त्राच्या दोन जागा रिकाम्या असलेल्या विभागात आपण शिकायला गेलात, तर नाताळच्या आत पूर्ण वर्ग आपल्या हाती येण्याची शक्यता मोठी असते. अशा शाळा वाईट नसतात, अनेकदा त्या अत्यंत प्रेमळ असतात, पण पहिल्या वर्षाच्या उमेदवारासाठी मी त्यांची शिफारस करीत नाही.

पीजीसीई जोडलेली आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. इंग्लंडमध्ये शिकवण्यासाठी क्यूटीएस पुरेसे आहे, तथापि पुढे स्कॉटलंडमध्ये किंवा परदेशात जाण्याचा विचार असेल तर विद्यापीठीय पात्रता उपयोगी पडते. काही अप्रेंटिसशिप त्यासह असतात, काहींमध्ये ती नसते.

आपण पत्राच्या शेवटी आपल्या भाच्याविषयी विचारले आहे, ज्याने ए-लेव्हल (आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा) पूर्ण केले आहे आणि पदवी नाही. त्याच्यासाठी शिक्षक पदवी अप्रेंटिसशिप हा नवा मार्ग फेब्रुवारी २०२४मध्ये चार वर्षांचा म्हणून जाहीर झाला आणि त्याचे पहिले उमेदवार २०२५च्या शरद ऋतूत दाखल झाले. त्यात पगार, पदवी आणि क्यूटीएस एकत्र मिळतात आणि सुमारे ४० टक्के वेळ अभ्यासाचा असतो. मुलगा गणितात चांगला असेल तर त्याने हा पर्याय गंभीरपणे पाहावा. मात्र अठराव्या वर्षी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर उभे राहण्याची त्याची तयारी आहे का, हे त्याला एखाद्या शाळेत दोन आठवडे घालवून आधी कळू द्यावे.

क्यूटीएसनंतरही शिकणे संपत नाही. पहिली दोन वर्षे प्रारंभिक शिक्षक म्हणून मार्गदर्शन चालू राहते आणि वेळापत्रकात पहिल्या वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी ५ टक्के सूट मिळते. अप्रेंटिसशिप केलेल्या शाळेतच नोकरी मिळाली तर बरेचदा ही सूट नकळत विसरली जाते, कारण सगळ्यांना वाटते की आपण तर वर्षभर इथलेच आहात. तेव्हाही वेळापत्रक हातात आल्याबरोबर तास मोजावेत.

अर्जासाठी व्यावहारिक क्रम असा ठेवावा. एनिकचे निवेदन आत्ताच मागवावे, कारण कागदपत्रांच्या अभावी चांगल्या उमेदवारांचे अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत. पदव्युत्तर प्रशिक्षणाचे अर्ज ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि एका वेळी चार ठिकाणी अर्ज करता येतो. पगारी जागा थोड्या असल्यामुळे त्या लवकर भरतात, म्हणून चारांपैकी दोन अर्ज पगारी मार्गाचे आणि दोन बर्सरीसह पीजीसीईचे ठेवावेत, आणि दोन्हींचे होकार हातात आले की वरचा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांनी पुन्हा मांडावा. मनोगतात बालपणापासून शिक्षक होण्याचे स्वप्न वगैरे लिहिण्याची गरज नाही. टीचिंग असिस्टंट म्हणून आपण एखाद्या मुलाला नेमके कुठे अडलेले पाहिले, त्याला कोणता प्रश्न विचारला, आणि त्यानंतर त्याच्या वहीत काय बदलले, हे एका परिच्छेदात लिहावे. निवड करणारे आम्ही तोच परिच्छेद शोधत असतो.

मुलाखतीत बहुधा वीस मिनिटांचा छोटा पाठ घ्यायला सांगतात. त्यासाठी मंडल किंवा बल यांपैकी एखादा विषय निवडून, मुलांची अपेक्षित चुकीची समजूत उघडी पाडणारा एक प्रश्न आधी तयार ठेवावा, आणि तो विचारल्यावर उत्तरासाठी पुरेसा वेळ शांत थांबण्याचा सराव घरी घड्याळ लावून करावा.